चौथा आठवडा

त्या गुरुवारी विशेष असं काहीच घडलं नाही.

पावणेसहाला, फटफटलंही नव्हतं तेव्हा, बाबा तीन निळे टॉवेल काखोटीला मारून खाली वाळूवर गेले, झावळ्यांनी शाकारलेल्या छत्रीखालच्या तीन खुर्च्यांवर ते एकेक करून पसरले आणि परत वर यायला निघाले. सातच्या आधी खुर्च्या अडवायच्या नाहीत, असा नियम जिन्याच्या तोंडाशी मोठ्या फलकावर लिहिलेला होता. चौथ्या आठवड्याच्या मंडळींनी तो कधी पाळला नव्हता आणि किनारा झाडणाऱ्या एफ्राइनने त्याकडे कायम कानाडोळा केला होता.

डार्का गॅलरीत अंधारात उभी राहून ऐकत होती. वाळूपासून वरच्या गच्चीपर्यंत एक्केचाळीस पायऱ्या होत्या. मागच्या खेपेपर्यंत बाबा त्या एका दमात चढायचे. आज त्यांच्या चपलांचा आवाज मधल्या टप्प्यावर थांबला. मग बराच वेळ नुसता समुद्र. लाट फुटायची, खडे ओढत खरखरत मागे जायची, आणि पुढची फुटेपर्यंत असं वाटायचं की खाली कुणीतरी श्वास धरून बसलं आहे. मग चपला पुन्हा वाजू लागल्या. तिने घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. काल सात लागली होती.

दार उघडून ते आत आले तेव्हा ती बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर पुस्तक उघडून बसली होती.

"जागीच?"

"झोप लागेना. समुद्राचा आवाज."

"त्याच आवाजाचे तर पैसे भरतो आपण," बाबा म्हणाले. बाहीने कपाळ पुसून ते आईची कॉफी करायला ओट्याकडे वळले. पाठमोरे झाल्यावर त्यांनी ओट्याची कड धरली. तिने ते पाहिलं आणि तिने पाहिलं हे त्यांनाही कळलं.

वर्षाचे बावन्न आठवडे. त्यांतला जानेवारीतला चौथा कोवालचिक कुटुंबाचा. ओरेस्ट कोवालचिक, म्हणजे डार्काचे बाबा, दूर उत्तरेकडच्या मॅनिटोबा प्रांतातल्या डॉफिन गावी धान्याच्या कोठारावर मॅनेजर होते. एकोणीस वर्षांपूर्वी ते आणि आई हिवाळ्यातून चार दिवस सुटका म्हणून या मेक्सिकन किनाऱ्यावर आले, फुकटच्या बोटफेरीच्या लोभाने एका न्याहारीला गेले आणि इथल्या एका खोलीचा दरवर्षीचा एक आठवडा जन्मभरासाठी विकत घेऊन परतले. गावात बरीच वर्षं लोक त्यावरून त्यांची टर उडवत. बाबांनी मनावर घेतलं नाही. घरी पारा उणे पस्तिसावर असताना इथे अनवाणी फिरता येतं, एवढं त्यांना पुरे होतं. आईला तर वर्षात तेवढाच एक आठवडा दिसायचा. बाकीचे एक्कावन्न ती त्याच्या मागे-पुढे लावून मोजायची. गेले दोन हिवाळे मात्र तिचे हुकले होते. एका वर्षी उजवा गुडघा बदलला, दुसऱ्या वर्षी डावा. या खेपेला तिच्या सोबतीला म्हणून डार्का आली. ती ब्रँडन शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात कामाला होती, एकटी राहायची, तिला रजा मिळण्यासारखी होती.

दरवर्षी त्याच आठवड्यात तीच माणसं येत. शनिवारी सामान टाकायचं आणि रविवारी संध्याकाळी गच्चीवर जमायचं, असा रिवाज होता. तिथे सगळे एकमेकांच्या खांद्यांवरून मागे पाहत, कोण आलं, कोण नाही. आणि जो दिसायचा नाही त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा: विकला का? हा आठवडा विकला जात नाही, फुकट देऊ केला तरी कुणी घेत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी विचारायचं तेच. यंदाच्या रविवारी ते सहा वेळा विचारलं गेलं. सहाही वेळा उत्तर द्यायच्या आधी कुणीतरी ग्लासातला बर्फ हलवला.

सोमवारी डार्काने ते पहिल्यांदा पाहिलं होतं. दुपारी ती आणि बाबा जिना चढत होते. मधल्या टप्प्यावर बाबा समुद्र बघायला म्हणून थांबले, पण त्यांची नजर समुद्राकडे नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता आणि डावा हात त्यांनी असा जपून धरला होता की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही. थांबलं की थांबतं."

"कधीपासून?"

"नाताळापासून. अंगणातला बर्फ उपसत होतो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"चार फेब्रुवारीची वेळ घेतलीय."

"म्हणजे घरी परत गेल्यावर. निघायच्या आधी का नाही गेलात?"

कोठारावरच्या नव्या पोराने गहू आणि बार्लीतला फरक विचारावा, तसं बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "आधी गेलो असतो तर त्याने गोळी बदलली असती. गोळी बदलली की विमा गेला. एवढी पुस्तकं वाचतेस, हे ठाऊक नाही?"

तिला ठाऊक होतं. त्यांच्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. परदेशच्या विम्याच्या कागदावर एक अट असते: निघण्याआधीचे तीन महिने तब्येत स्थिर हवी. नवी गोळी नको, जुनीचा डोस कमी-जास्त नको, नवी तपासणी नको, नवी तक्रार तर नकोच. त्यामुळे ऑक्टोबर लागला की डॉफिनमधली सत्तरीची माणसं एकदम ठणठणीत होतात. छातीत कळ आली तर ढेकर म्हणतात, पाय सुजले तर बुटांना दोष देतात. जानेवारीत समुद्रावर येतात आणि मार्चमध्ये दवाखान्यांच्या बाकांवर रांगेने बसतात. शेजारच्या सस्कॅचवन प्रांतातला लॉर्न, जो दरवर्षी याच आठवड्याला यायचा, तो मार्चला आजारांची सुगी म्हणायचा.

"आईला एक अक्षर बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "दोन हिवाळे तिने घराच्या भिंती बघत काढलेत. हा आठवडा तिचा आहे. शनिवारी विमानात बसू. मग तू म्हणशील त्या टेबलावर आडवा पडेन."

"बाबा, इथेही डॉक्टर आहे. रिसेप्शनच्या मागेच बसते."

"तिने कागदावर काही लिहिलं की संपलं. पाच दिवस, डार्का. पाच दिवसांत काय होतंय? शब्द दे."

तिने दिला. ते आयुष्यात तिच्याकडून फार थोडं मागत आले होते.

गुरुवारपर्यंत तो शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा बसला होता. गिळताना दर वेळी कळायचा.

गुरुवारी नऊ वाजता, आठवडे विकत घेतलेल्या मालकांची न्याहारी होती. नावाला न्याहारी, पपई आणि अंडी समोर ठेवून दीड तास तुम्हाला आणखी काहीतरी विकायचा उद्योग. बाबांना तो खेळ आवडायचा. एकोणीस वर्षं ते दर खेपेला जात, पोटभर खात आणि शेवटी "नाही" म्हणून उठत. यंदाचा विक्रेता फेर्मिन नावाचा, चाळिशीचा, मऊ आवाजाचा. त्याने मोठ्या खोल्या दाखवल्या, समुद्राकडच्या गच्च्या दाखवल्या. आई पपई कापत होती आणि बाबा कधी नाही म्हणतात याची मजेत वाट बघत होती.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "ते सगळं राहू दे. या आठवड्यावर माझ्या मुलीचं नाव चढवायचं असेल तर काय करावं लागतं?"

फेर्मिनचं बोलणं मधेच तुटलं. असा प्रश्न त्याच्या पाठांतरात नसावा. "त्याला एक साधा फॉर्म आहे, सेन्योर. पण घाई कशाला? तब्येतीने तर तुम्ही माझ्यापेक्षा..."

"आण तो फॉर्म."

"ओरेस्ट," आई म्हणाली, "ऊन लागलं का तुला? एकोणीस वर्षांत या लोकांच्या कागदाला बोट लावलं नाहीस."

"करार संपेल तेव्हा मी एकशे दोन वर्षांचा असेन, नेटी. तेव्हा पहाटे उठून टॉवेल कोण टाकणार? तू?"

"मी कशाला? तोवर मला तिसरे गुडघे बसवलेले असतील." आई हसली. तिचं हसणं आजूबाजूच्या टेबलांपर्यंत गेलं आणि दोघांतिघांनी हसून मागे पाहिलं.

फॉर्म आला. बाबांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर नीट लावून. मग कागद डार्कापुढे सरकवला. पेन देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते पपईतल्या काळ्या बिया काट्याने बाजूला सारत राहिले. डार्काला वाटलं, ही सही केली की आपण कशाला तरी होकार देतोय. आईच्या देखत तिला ती न करण्याचं एकही कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने केली.

दुपारी बर्फ आणते असं सांगून ती रिसेप्शनच्या मागच्या खोलीत गेली. डॉक्टर सेलिया तिच्याच वयाची होती. टेबलावर आयोडीनची बाटली, बँडेजं आणि अर्धवट खाल्लेलं संत्रं.

"एका ओळखीच्या गृहस्थांबद्दल विचारायचं होतं," डार्का म्हणाली. "वय त्र्याहत्तर. जिना चढताना छातीत दुखतं, थांबल्यावर थांबतं. डाव्या हातात कळ जाते."

डॉक्टरने संत्र्याची फोड खाली ठेवली. "हे गृहस्थ तुमच्या देशात आहेत की इथे?"

"इथे."

"इथून किती पावलांवर?"

डार्काने दाराकडे पाहिलं.

"आत्ता घेऊन या. दहा मिनिटांत हृदयाचा आलेख काढते. वाईट दिसला तर अर्ध्या तासात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचवते."

"ते यायचे नाहीत."

"विमा ना?" डॉक्टर उठून सिंकवर हात धुऊ लागली. "अकरा वर्षं बसतेय मी या खोलीत. तुमच्याकडची माणसं बोट कापलं की येतात, कानात पाणी गेलं की येतात. छाती घेऊन कुणी येत नाही. छातीवाल्यांकडे मलाच धावत जावं लागतं." तिने हात पुसले. "त्यांच्या घरच्यांना माहीत आहे?"

"मला माहीत आहे."

"तुम्हाला एकटीलाच?"

"उद्या आणते त्यांना," डार्का म्हणाली.

"मी आज सहापर्यंत आहे. उद्याही आहे. माझं काय, मी कुठे जातेय?"

बर्फाची बादली घेऊन ती वाळूवर आली तेव्हा पत्त्यांचा डाव रंगात आला होता. आई, बाबा, लॉर्न आणि त्याची बायको ट्रूडी. दोन वर्षांत समुद्र बराच आत आला होता. पूर्वी त्यांची छत्री चौथ्या रांगेत होती; पुढच्या दोन रांगा पाण्याने नेल्या, नुसते बुडखे उरले होते, आणि भरतीच्या वेळी लाटा त्यांच्याभोवती फेस धरत. एफ्राइन दर सकाळी तिथली वाळू फावड्याने सारखी करायचा आणि दर दुपारी ती पुन्हा खचायची. लांब खाडीत देवमाशांनी पाण्याचे फवारे सोडले की सगळे पत्ते उपडे ठेवून तिकडे बघायचे. आवाज मागाहून यायचा, जड आणि दमल्यासारखा.

"ओरेस्ट, किती वेळ लावतोस?" लॉर्न म्हणाला. "पत्ता टाकतोयस की गहू तोलतोयस?"

"तोलूनच टाकावा. तुझ्यासारखा उधळ्या नाही मी."

"त्याला घाई करू नका," आई म्हणाली. "आज एका न्याहारीला त्याने सह्या केल्यात. हात दमला असेल."

"कोण, ओरेस्टने? काय विकत घेतलं?"

"काही नाही. मुलीचं नाव घातलं."

लॉर्नचा हात पत्त्यांवर क्षणभर थांबला. त्याने बाबांकडे पाहिलं, मग चटकन आपल्या पत्त्यांत तोंड खुपसलं. त्यालाही बहुधा काही विचारायचं नव्हतं.

डार्का आईच्या खुर्चीमागे उभी होती. आईच्या मानेवर उन्हाचे ठिपके पडले होते. घरी तिचे खांदे कायम आवळलेले असत, ते इथे सैल सुटले होते. "आई," डार्का म्हणाली.

"काय ग?"

बाबांनी पत्त्यांवरून नजर उचलली. रागावलेली नव्हती, नुसती तिच्यावर ठेवलेली होती.

"काही नाही. बर्फ कुणाला हवाय?"

संध्याकाळी ते गावातल्या चौकाजवळच्या गाडीवर गेले. बाबांनी दोन माशाचे टाको खाल्ले आणि तिसरा आईच्या ताटलीतून अर्धा पळवला. परतताना आईने त्यांचा हात धरला, गुडघ्यांसाठी, आणि ते दोघे पुढे चालत राहिले. कोण कुणाला सावरतंय हे मागून चालणाऱ्या डार्काला सांगता आलं नसतं. दाराशी बाबा तिच्या कानाशी म्हणाले, "बघ. एकच दिवस राहिला." ते पोरासारखे खूश दिसले. आणि तिलाही, तेव्हा, हायसं वाटलं. ते तिला पुढे फार लागलं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला आईने पिशवी चाचपली. "ओरेस्ट, माझा चष्मा वरच राहिला रे."

डार्का उठली. "मी आणते."

"बस," बाबा म्हणाले.

"बाबा, मी जाते ना."

"बस म्हटलं ना. चावी माझ्याकडे आहे." त्यांनी चपला झटकून पायात घातल्या.

"आता उठलाच आहेस तर माझ्यासाठी बिअर आण, हमाल," लॉर्न म्हणाला.

"तुला मिठाचं पाणी आणतो."

डार्का खाली बसली. सगळे त्या जिन्याकडे तोंड करून बसले होते. बाबांचा पांढरा सदरा पायऱ्या चढू लागला. मधल्या टप्प्यावर आला. ते तिथे थांबतील म्हणून ती वाट बघत होती. ते थांबले नाहीत. आई बघत होती, लॉर्न बघत होता, म्हणून ते थांबले नाहीत. चढता चढताच त्यांनी मागे न पाहता एक हात वर करून हलवला आणि बोगनवेलीच्या आड गेले.

डार्काने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली. खोलीत शोधत असतील. नऊ झाली. ट्रूडी नातवाचं काहीतरी सांगत होती. अकराव्या मिनिटाला वर कुणीतरी धावल्याचा आवाज आला आणि डार्का पळत सुटली.

सदतिसाव्या पायरीवर एफ्राइन बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने आपली टोपी काढून त्यांच्या डोळ्यांवर सावली धरली होती. "सेन्योर ओरेस्ट," तो म्हणत होता, "अहो सेन्योर ओरेस्ट," जसं झोपलेल्या माणसाला हलकेच उठवावं. डॉक्टर सेलिया अनवाणी धावत आली. तिने वीस मिनिटं प्रयत्न केले. मग ती टाचांवर बसली, घड्याळ पाहिलं आणि डार्काकडे एकदाच बघितलं. एफ्राइनच्या गाडीतून बाजूच्या रस्त्याने आईला वर आणलं, तेव्हा डॉक्टर उठून बाजूला झाली.

शनिवार उजाडला. दहा वाजता आठवडा संपतो. तो कुणासाठी थांबत नाही. लॉबीत पाचव्या आठवड्याची माणसं बॅगा घेऊन उभी होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. आई आणि डार्का त्यांच्यामधून गेल्या तेव्हा मिठ्या थांबल्या. बातमी त्यांना कळली होती. मॅनेजरने हात जोडल्यासारखे छातीशी धरून सांगितलं की त्यांची खोली दुसऱ्यांच्या नावावर आहे, पण कागदपत्रं होईपर्यंत मागच्या बाजूची एक देता येईल. त्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता. खिडकीखाली धुलाईघर होतं आणि दिवसभर गरम साबणाचा वास वर यायचा.

निघण्याआधी लॉर्न आला. दारातच उभा राहिला. त्याने पनामाची टोपी दोन्ही हातांत धरली होती आणि ती गोल गोल फिरवत होता. "मी त्याला बिअर सांगितली," एवढंच म्हणाला. ट्रूडीने आईला जवळ घेतलं. "नेटी, त्याला काही कळलंही नसेल बघ. असं मरण नशिबाने येतं. एकाएकी." आईने मान हलवली. एकाएकी, असं मॅनेजर म्हणाला होता, कागद घेऊन आलेला सरकारी माणूसही स्पॅनिशमध्ये तेच म्हणाला होता. दर वेळी आई मान हलवायची. दर वेळी डार्का भिंतीकडे बघायची.

रविवारी दुपारी विम्याच्या ऑफिसातून फोन आला. बाबांना घरी न्यायचं तर खर्चाला त्यांची मंजुरी लागणार होती. आईने फोन पलंगावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडची बाई सौम्य होती. आधी तिने सांत्वन केलं, मग ती एकेक प्रश्न वाचू लागली.

"गेल्या तीन महिन्यांत गोळ्यांत काही बदल?"

"नाही," आई म्हणाली.

"कुठली नवी तपासणी?"

"नाही."

"छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर, अशी काही लक्षणं? त्यांनी तुमच्याकडे किंवा कुटुंबात कुणाकडे काही सांगितलं होतं?"

"कधीच नाही. घोड्यासारखा होता. नाताळात अख्खं अंगण त्याने एकट्याने मोकळं केलं. माझी मुलगी इथेच आहे, तिला विचारा."

"मॅडम?" पलीकडची बाई म्हणाली. "तुमच्या माहितीत काही?"

खालच्या यंत्राने गिरकी घेतली आणि खिडकीची काच थरथरू लागली. आई तिच्याकडे बघत होती; तिला उत्तर आधीच ठाऊक होतं, त्यामुळे त्या बघण्यात प्रश्न नव्हता.

"नाही," डार्का म्हणाली. "काही नाही."

"आभारी आहे. कागद उद्या सकाळपर्यंत पाठवते."

फोन बंद झाला. आईने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, नव्या गुडघ्यांवर, आणि त्यांच्याकडे बघत बोलू लागली.

"बघ. काही नव्हतं त्याला. तिने सगळं विचारलं, आणि काही नव्हतं."

"आई."

"म्हणजे तो जिनाच. भर उन्हात, अकरा वाजता. इतकी वर्षं वर-खाली पळवलं मी त्याला. टोपी आण, पुस्तक आण, पाणी आण. आणि पत्ते मला चष्म्याशिवाय दिसतात, डार्का. चष्मा लागत नव्हता. नुसती हाक मारायची सवय." तिचा आवाज चढला नाही, भाजीचा हिशोब सांगावा तसा सरळ चालला होता, आणि म्हणूनच डार्काला तो ऐकवेना. "तू उठली होतीस. तू म्हणालीस मी जाते. मी तुला जाऊ दिलं नाही."

"तू नाही, बाबांनी."

"मी गप्प बसले. तेच ते. आता घरी गेल्यावर लोक विचारतील कसा गेला, आणि मी सांगेन, चष्म्यासाठी पाठवला मी."

खिडकीबाहेर दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. वाऱ्याने त्या फुगायच्या आणि पडायच्या. आई असंच सांगणार होती. डॉफिनच्या चर्चच्या तळघरात, दर भेटीला येणाऱ्या बाईला, उरलेली सगळी वर्षं, याच सपाट आवाजात. ती सांगून सांगून ते खरं करणार होती, आणि ते खोटं आहे हे तिला सांगू शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं. डॉक्टर सेलिया बोलणार नव्हती. बाबा तर शब्द घेऊनच गेले होते.

डार्का पलंगाच्या कडेवर आईशेजारी बसली. तिला आईचा हात धरायचा होता, पण तिने धरला नाही. हे ऐकल्यावर आईला तो सोडवून घ्यावासा वाटला तर, म्हणून.

"आई, माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "त्यांना नाताळापासून दुखत होतं. बर्फ उपसताना सुरू झालं. विमा जाईल म्हणून ते डॉक्टरकडे गेले नाहीत, आणि तुझा आठवडा जाईल म्हणून त्यांनी तुला सांगितलं नाही. मी सोमवारी जिन्यात पाहिलं. त्यांनी शब्द मागितला, मी दिला. गुरुवारी मी इथल्या डॉक्टरला विचारलं, ती म्हणाली आत्ता आण, आणि मी म्हटलं, उद्या. चष्म्याने काही झालं नाही, आई. मला माहीत होतं. चार दिवस मला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही."